फाटकासमोरचं घर

आमच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा होळी नुकतीच झाली होती आणि झाशीत दुपारी पंखा लावावा लागत होता. सकाळी रोजच्यासारखी बस फाटकाशी थांबली आणि उतरताना पुढच्या बाया एकदम गप्प झाल्या. फाटकाला आतून साखळी होती, साखळीला नवंकोरं कुलूप, आणि बाजूच्या भिंतीवर कागद चिकटवलेला. पुढील सूचनेपर्यंत कारखाना बंद.

मी वाइंडिंग खात्यात आहे. मोटारींसाठी तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची, हे आमचं काम. या खात्यात जवळजवळ सगळ्या बायकाच. हिवाळ्यापासून मालकांचा आग्रह होता, पाळी आठ तासांऐवजी बारा तासांची करा. आम्ही नाही म्हणत होतो. भोंगा झाला की यंत्रं बंद करून उठत होतो. त्याचं उत्तर म्हणून हे कुलूप आलं.

त्याच दिवशी रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली कनात बांधली गेली आणि आम्ही धरणं धरून बसलो.

इकडे लग्न झालेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. माझ्या शेजारच्या यंत्रावर बसते ती एरचवाली. माझं माहेर ग्वाल्हेरचं, म्हणजे मी ग्वाल्हेरवाली व्हायला हवी होते, पण खात्यात एकटीच मराठी असल्यामुळे मला सगळ्यांनी ‘मराठन दीदी’च करून टाकलं. माझ्या सासरचे लोक कितीतरी पिढ्यांपूर्वी कारभाराच्या निमित्ताने इथे आले आणि इथलेच झाले. आता घरात मराठी बोलणारी तिघं: सासूबाई, विमा कार्यालयात कारकून असलेला माझा नवरा, आणि मी. मुलीला सगळं कळतं, पण ती उत्तर हिंदीत देते.

पहिले काही दिवस आम्ही बायका सकाळी यायचो आणि ऊन डोक्यावर आलं की उठून घरी जायचो. आमच्या कामगार समितीचे सचिव म्हणजे देखभाल खात्यातले फिटर. त्यांना सगळे भैयाच म्हणतात. माणूस सरळ. एक दिवस ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “दीदी, बारह बजते ही आप लोग चली जाती हैं. कल अखबारवाला आया, उसे लगा यहाँ सिर्फ आदमी बैठते हैं.”

“घर पर काम रहता है, भैया,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. पुरुषांना कुठेही आडोसा चालायचा. आमच्यासाठी अर्ध्या कोसात एक संडाससुद्धा नव्हता. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही आणि तरीही दुपारपर्यंत निभायचं नाही. पण हे भैयांना सांगायचं कसं, म्हणून कोणीच सांगितलं नाही.

मग एका दिवशी घोषणा देता देता एरचवाली उभ्याची खाली बसली आणि आडवी झाली. ओठ पांढरे पडलेले. तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि विचारलं, सकाळपासून काय घेतलंय. तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “पानी पीती तो जाती कहाँ, दीदी?”

मला स्वतःचा राग आला. मी तिच्याहून वयाने मोठी आणि रोज तिच्याच शेजारी तहानलेली बसत होते.

फाटकाच्या अगदी समोर, आमच्या कनातीला लागूनच एक घर आहे. दुमजली, मागे अंगण, अंगणात म्हैस. तिथे एक विधवा बाई आणि त्यांची मुलगी राहतात. यजमान फौजेत हवालदार होते. बाईंचं माहेर टहरौलीचं, म्हणून त्या टहरौलीवाली चाची. त्यांची आणि आमची ओळख झाली होती, पण भांडणातून. धरण्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या भिंतीला लावायच्या चुन्याने माखलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि सचिवभैयांना म्हणाल्या, तुमचा घोषणांचा भोंगा लागला की माझी म्हैस पान्हा चोरते. धरण्यावरच्या पोरांनी हसून आवाज आणखी वाढवला होता.

त्याच दारात मी त्या दुपारी जाऊन उभी राहिले.

“अब का चाने?” चाचींनी विचारलं. दार पूर्ण उघडलं नव्हतं.

आमच्या बायकांना तुमचा संडास वापरू द्या, असं मी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण एरचवालीचा पांढरा चेहरा अजून डोळ्यांपुढे होता. चाची ऐकत राहिल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून कनातीकडे पाहिलं, आत कोण आडवं पडलंय ते पाहिलं.

“कित्ती जनीं हो?”

“पंधरा-वीस. कधी जास्त.”

“भोंपू बंद हुइए. भुनसारे और संझा, दूध के टेम.”

“बंद करायला लावते.”

“तो पछीत को किवार खुलो रैहे. पानी अपनो भरियो. गंदो छोड़ो, तो ताला डाल देहें.”

ताला शब्द ऐकून मी फाटकाकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. मग चाची पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळच्या सभेत मी उभी राहिले. आयुष्यात कधी माणसांसमोर बोलले नव्हते. वाक्यं हिंदीत जुळवता जुळवता मध्येच मराठी शब्द येत होते. मी म्हटलं, आम्ही दुपारी का जातो ते ऐका. मग सगळं सांगितलं. सचिवभैया जमिनीकडे बघत होते.

“आपने बताया क्यों नहीं?” ते म्हणाले.

मागून एरचवालीचा आवाज आला, “भैया, आपने पूछा कब?”

मग इकडून तिकडून बायका बोलायला लागल्या. कारखान्याच्या आतसुद्धा आमच्यासाठी एकच संडास होता आणि त्याची किल्ली सुपरवायझरच्या टेबलात असायची. मागायला गेलं की तो घड्याळ बघायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि आम्ही आपापसात कुरकुर करून सोडून देत होतो. त्या संध्याकाळी ते मागण्यांमध्ये घातलं गेलं. आठ तासांची पाळी, वेटोळ्यांना वार्निश देतात त्या खोलीतले बंद पडलेले पंखे, आणि किल्ली. आणि सकाळ-संध्याकाळ दुधाच्या वेळी भोंगा बंद ठेवायचा, हेही ठरलं. पोरांनी थोडी कटकट केली, पण म्हशीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही संध्याकाळपर्यंत बसायला लागलो. पाणी पोटभर प्यायचं. मागच्या दाराने आत जायचं, हापशावरून बादली भरून ठेवायची, जाताना अंगण झाडून द्यायचं. चाची पहिले दोन-तीन दिवस आमच्या मागोमाग येऊन बादली बघून जायच्या. मग येईनाशा झाल्या. मग एक दिवस ताक पाठवलं.

धरण्यावर दिवस कसा जातो, असं मला नातेवाईक विचारायचे. मुख्य म्हणजे तो लांब असतो. सकाळी घोषणा, मग कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. पुरुष पत्ते खेळायचे. आम्ही लसूण सोलायचो, मटार सोलायचो, घरची जी कामं हातात घेऊन येता येतात ती सगळी तिथे करायचो. टेम्पोवाले जाताना हॉर्न वाजवून हात करायचे. भाजीचा एक ठेला रोज थांबायचा आणि उरलेली काकडी देऊन जायचा. वर्षानुवर्षं एकाच छताखाली काम केलेली माणसं, पण यंत्रांच्या आवाजात कधी बोललोच नव्हतो. कोणाची मुलगी काय शिकते, कोणाचा नवरा पितो, कोणाला गाता येतं, हे सगळं मला निंबाखाली कळलं. एरचवालीला पोहता येतं हेही. तिचं लहानपण बेतवा नदीच्या काठी गेलेलं. मी तिच्या शेजारी कितीतरी वर्षं बसले होते आणि मला ठाऊक नव्हतं.

घरी मात्र कुरबुर सुरू झाली. नवऱ्याच्या कार्यालयात कोणीतरी त्याला मोबाइलवर माझा फोटो दाखवला. मी मूठ वर करून उभी. तो घरी येऊन जेवताना म्हणाला, “आपल्या घरातलं कोणी असं रस्त्यावर बसलं नव्हतं. लोक विचारतात तेव्हा मी काय सांगू?”

सासूबाई भात कालवत होत्या. त्यांनी मला विचारलं, “बसायला काय घालता गं तिथे?”

“पोती आहेत. एक ताडपत्री आहे.”

जेवण झाल्यावर त्यांनी माळ्यावरून मोठी सतरंजी काढायला लावली. घरच्या मुंजी, बारशी, हळदीकुंकू सगळं त्या सतरंजीवर झालेलं. “ही ने,” त्या म्हणाल्या, “पोत्यावर बसून अंगाला खाज येते.” नवऱ्याने वर बघितलं. पुढच्या रविवारी कैरीच्या पन्ह्याची बरणी स्कूटरवर पायांत धरून तोच घेऊन आला. दूर स्कूटर लावून उभा राहिला. सचिवभैयांनी त्याला हात धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि ‘हमारे जीजाजी’ म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली. पन्ह्याला इकडे पना म्हणतात. बरणी तेवढ्यात रिकामी झाली. जाताना नवरा मला म्हणाला, “माणसं बरी आहेत.”

मग लू सुरू झाली. वैशाखातली झाशी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. वारा येतो तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. कनात तापायची, पाणी तापायचं, माणसं चिडायची. काही जण दतियाकडे दुसरी कामं धरून गेले. मालकांनी मागच्या बाजूने बाहेरची माणसं आत नेऊन थोडं काम सुरू केलं. एक-दोघे गुपचूप मालकांकडे जाऊन बारा तास कबूल करून आल्याची बातमी आली. ज्यांच्याबरोबर एका कनातीत बसलो त्यांच्याबद्दल असं ऐकताना वाईट वाटायचं, पण राग करावा असंही वाटत नव्हतं. प्रत्येकाच्या घरी काय चाललंय ते आता माहीत होतं.

त्याच सुमारास चाचींवर दडपण आलं. त्यांच्या वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू होते आणि ते होते आमच्याच फाटकावरचे पहारेकरी. दिवसभर ते साखळीच्या आत उभे, आम्ही बाहेर, आणि संध्याकाळी हापशावर तेच बादली घेऊन आमच्या मागे उभे. दोघेही भिडस्त. आमचं होईपर्यंत तोंड फिरवून थांबायचे. एका दुपारी त्यांचा ठेकेदार जीप घेऊन आला. आम्ही अंगणातच होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“माताजी, इन औरतों को अंदर आने दोगी तो मेरे आदमी यहाँ नहीं रहेंगे.”

चाची म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. त्यांनी टाकून घेतली. मग म्हणाल्या, “आदमी तुमाए, घर हमाओ.”

“सोच लो.”

“सोच लओ.” म्हणजे झाला विचार करून.

संध्याकाळी दोघे पहारेकरी ट्रंका घेऊन खाली आले. चाचींच्या पाया पडले, आमच्याकडे बघून ओशाळं हसले आणि जीपमध्ये बसून गेले. मला ते बघवलं नाही. आमच्या पायी चाचींचं भाडं गेलं. मी चाचींना म्हटलं, “चाची, आम्ही दुसरीकडे काहीतरी बघतो.”

त्यांनी मला ओट्यावर बसवून सांगितलं. टहरौलीला लहानपणी आणि मग सासरी नवी नवरी असताना त्या पहाटे अंधारात शेतात जायच्या. नंतर दिवसभर काही करायची सोय नाही. पुढे यजमानांबरोबर छावणीतल्या क्वार्टरात राहायला आल्या, तेव्हा पहिल्यांदा दाराला आतून कडी असलेली जागा मिळाली. “हम रो दए ते, बिन्नू,” लेकीला म्हणतात तसं त्या म्हणाल्या. “दिन भर पेट पकर कें बैठबो का होत, हम जानत हैं.”

मग त्यांनी वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. रिकामी पडली आहे तर वापरा म्हणाल्या.

त्या खोलीमुळे आमचं धरणं टिकलं, असं मला वाटतं. भर दुपारी पाळीपाळीने बायका तिथे जाऊन अर्धा तास पडायच्या. अंगावर पाजणारी एकजण बाळाला घेऊन येऊ लागली. ज्या आठवड्यात लू सगळ्यात वाईट होती आणि पुरुषांची संख्या निम्म्यावर आली होती, त्या आठवड्यात कनातीत जास्त करून आम्हीच होतो.

चाचींच्या मुलीचं लग्न वैशाखाच्या शेवटी ठरलं होतं. ते आम्हांला कळलं तेव्हा चाची चिंतेत होत्या. जाऊबाईंचं बिनसलं होतं, बहीण आजारी होती, आणि कामाला हात नव्हते. एरचवाली म्हणाली, “चाची, हात ही हात तो हैं यहाँ. सब खाली बैठे हैं.”

मग चाचींच्या गच्चीवर आमचं खातं पुन्हा सुरू झालं. सकाळी ऊन चढायच्या आत मुगाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालायच्या, उडदाचे पापड लाटायचे. साड्यांना फॉल लावायचे. दिवसभर तार गुंडाळायची सवय असलेली आमची बोटं, ती सगळी जणू कामाला भुकेली झाली होती. माझे पापड लाटण्याचे हात चाचींना पसंत नव्हते. “मराठन, जो पापर है कै रोटी?” त्या म्हणायच्या आणि माझ्याकडून लाटणं काढून घ्यायच्या. शेवटी मला फॉल लावायला बसवलं. नवरीला मी मराठी पद्धतीची मुंडावळी बांधून दाखवली. तिला ती इतकी आवडली की हळदीच्या दिवशी तिने तशीच बांधून घेतली. सासूबाईंनी ती मोत्यांची मुंडावळी जपून ठेवलेली होती, माझ्या लग्नातली.

मांडवासाठी सचिवभैयांनी आमची कनातच देऊन टाकली. एक दिवस आम्ही उघड्यावर निंबाखाली बसलो. भोंगाही दिला, फक्त त्यावर घोषणांऐवजी सनई.

लग्नाच्या आदल्या दिवशी चाची पदर डोक्यावर घेऊन फाटकाशी गेल्या. मी बरोबर होते. साखळीच्या आत तेच दोघे पहारेकरी उभे होते. चाचींनी गजांमधून पत्रिका आणि लाडवांचा पुडा आत दिला. “मौड़ी को ब्याव है. जीमबे आइयो.”

थोरल्याने मागे वळून कचेरीच्या खिडकीकडे पाहिलं. मग पुडा टोपीत ठेवला आणि म्हणाला, “आएँगे, अम्मा.”

वरात संध्याकाळी आली. घोडा, बँड, दिव्यांच्या छत्र्या, आणि स्वागताला फाटकासमोर आम्ही सगळे. निम्म्यांनी छातीवरचे धरण्याचे बिल्लेही काढले नव्हते. नवऱ्या मुलाकडची मंडळी आधी बिचकली, मग समजल्यावर नाचायला त्यांनी आमच्यातल्यांनाही ओढलं. त्या गर्दीत आमच्या मॅनेजरसाहेबांची गाडी अडकली. कारखान्यातून निघून घरी चालले होते. एरचवालीने सरबताचा ट्रे गाडीपाशी नेला. ड्रायव्हरने काच खाली करून पेला घेतला, एका दमात प्यायला. मागच्या काचेवर तिने टकटक केलं, पण साहेब फोनकडेच बघत राहिले. “प्यास नहीं होगी,” म्हणून ती पुढे गेली.

पहारेकरी पाळी बदलून एकेक करून जेवायला आले. पंगतीत जागा होती ती सचिवभैयांच्या शेजारी. भैयांनीच त्यांना पुऱ्या वाढल्या. थोरला पहारेकरी जेवता जेवता म्हणाला, ठेकेदाराने दिलेली जागा स्टेशनामागे आहे, रात्रभर गाड्यांचा आवाज. चाचींनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पाठवणीच्या वेळी आम्ही सगळ्याच रडलो. मुलगी आमची कोण होती, पण रडलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी श्रम कार्यालयात बोलणी मार्गी लागली. मालकांनी बाहेरून आणलेल्या माणसांकडून काम नीट होत नव्हतं, ऑर्डरी अडकल्या होत्या, आणि आम्ही उठून जात नाही हे एव्हाना त्यांना कळलं होतं. बोलणी करायला समितीतले पुरुष जायचे, या वेळी मलाही नेलं. किल्लीचा मुद्दा आला तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, ही तर मामूली बात आहे. मी म्हटलं, “मामूली है तो आज ही मान लीजिए.” ते हसले आणि त्यांनी मान्य केलं.

पाळी आठ तासांचीच राहिली. जास्तीचं काम ज्याला हवं त्यानेच करायचं. पंखे दुरुस्त झाले. संडासाला आता आतून कडी आहे, बाहेर कुलूप नाही, आणि तिथे जायला कोणाच्या टेबलाशी उभं राहावं लागत नाही. सगळं मिळालं असं मात्र नाही. सचिवभैया आणि आणखी एकजण यांना चौकशी लावून बाहेरच ठेवलं आहे. ते आत आल्याशिवाय आम्हीही जाणार नाही, असा आमचा हट्ट होता. पण भैयांनीच सगळ्यांना समजावलं. म्हणाले, “आप अंदर रहेंगे तो मेरे लिए लड़ पाएँगे.”

फाटक उघडलं त्या दिवशी आम्ही भैयांशिवाय आत शिरलो. यंत्रांवर धुळीचा थर. एरचवालीने पदराने आधी माझं यंत्र पुसलं, मग स्वतःचं.

भैयांच्या चौकशीच्या तारखा अजून चालू आहेत. आम्ही रजा वाटून घेतो आणि प्रत्येक तारखेला चार-पाच जणी जातो. गेल्या खेपेस तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही साक्षीदार आहात का. एरचवाली म्हणाली, “नहीं साहब, हम भैया के साथ आए हैं.” त्याने शिपायाला सांगून आमच्यासाठी बाक आणवलं. पुढची तारीख दसऱ्यानंतरची आहे. या वेळी नवराही येतो म्हणतोय.